कार्डावरचं वय, हाडाचं वय

जुन्नर-आंबेगावचा इतिहास म्हटला की लोक शिवनेरीपासून सुरुवात करतात. नाहीतर नाणेघाटापासून, लेण्याद्रीच्या लेण्यांपासून. बरोबरच आहे. दगडात कोरलेलं टिकतं, म्हणून ते इतिहासात जातं. मी मात्र आज एका दवाखान्याच्या कार्डापासून सुरुवात करणार आहे. हातात मावेल एवढं कार्ड. त्यावर माझ्या भाचीचं नाव, सुई घेतल्याची तारीख, पुढच्या सुईची तारीख. आणि वय : १९.

हे वय खोटं आहे. ते खोटं मी सांगितलं.

मित्रांनो, आधी माझा गुन्हा ऐका, मग इतिहास सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई लई शहाणपणा शिकवायला आली.

मार्च २०२० मध्ये माझी भाची दहावीच्या परीक्षेला बसली होती. लॉकडाऊन लागला आणि भूगोलाचा पेपर रद्द झाला. भावाचं काम बंद. मेमध्ये स्थळ आलं, जुन्नर तालुक्यातलं. मुलगा निर्व्यसनी, हुंडा नाही. वर लग्नाला पन्नासच माणसं बोलवायची म्हणून खर्च नाही. वहिनी म्हणाली, "असा मोका पुन्हा कुठं?" पोरीला नुकतं सोळावं संपलेलं. मी चळवळीतली बाई. बालविवाहावर दहा ठिकाणी बोललेली. त्या दिवशी बाबासाहेबांच्या फोटोला हार मीच घातला, वंदना मीच म्हटली आणि पंगतीत बसून जेवले. जुलैमध्ये निकाल लागला तेव्हा पोरगी सासरी भांडी घासत होती. पास झाली होती.

२०२१ च्या पावसाळ्यात ती बाळंतपणाला माहेरी, आंबेगावला आली. मूल झालं. दोन महिन्यांनी परत सासरी जायचं, तर मला हळूच म्हणाली, "आत्या, लगेच दुसरं नको गं. तीन महिन्याची सुई असती म्हणं." मी तिला घेऊन गेले. नर्सबाईनं वय विचारलं. खरं सांगावं तर २००६ चा बालविवाहाचा कायदा, २०१२ चा पॉक्सो. भाऊ आत, जावई आत. मी म्हणाले, "आधार घरी राहिलं बघा. एकोणीस लिहा."

तिनं लिहिलं. पोरीला तेव्हा सतरा होते.

तीन सुया झाल्यावर भाचीचा फोन आला. सुई घेतली की पाळी येत नाही, अधूनमधून डाग पडतो. शेजारच्या बाईनं सांगितलं की या सुईनं हाडं पोकळ होतात. "आत्या, खरंय का? चौथी घेऊ का नको?" मला उत्तर आलं नाही. तीस वर्षं भाषणं देतेय, आणि पोरीच्या हाडाचं उत्तर नाही! म्हणून वाचायला बसले. वाचता वाचता कळलं की ही नुसती डॉक्टरकीची गोष्ट नाही. हा आपला इतिहास आहे, फक्त आपण लिहिलेला नाही.

आधी हाडाचं बघू.

आपल्या लोकांना हाड शिकवायला नको. म्हारकीत गावची मेलेली ढोरं ओढली ती आपल्याच बापजाद्यांनी. त्या राबणुकीच्या बदल्यात जमिनीचा तुकडा मिळायचा, त्याचं नावच हाडकी. १९५८ च्या कायद्यानं ती वतनं गेली. बरं झालं, गळ्यातला फास गेला. पण हाडकी हा शब्द मला इथं उपयोगाचा वाटतो. पोरीचं हाड ही तिची हाडकी असते. विशीच्या आत जेवढी कसून घेईल तेवढ्यावर म्हातारपणापर्यंत खायचं.

हाड ही मेलेली वस्तू नव्हे. ते रोज थोडं मोडतं, रोज थोडं बांधलं जातं. लहानपणी बांधकाम जास्त, म्हातारपणी मोड जास्त. मुलीच्या बारा-तेराव्या वर्षाच्या आसपासची दोन वर्षं सगळ्यात जोराची. मोठेपणीच्या हाडाचा जवळजवळ चौथा हिस्सा त्या दोन वर्षांत भरतो. अठरापर्यंत नव्वद टक्क्यांच्या आसपास भरणी झालेली असते. पुढं थोडं चालतं, मग थांबतं. या कामावरचा मुकादम म्हणजे इस्ट्रोजेन, बाईच्या बीजकोशात तयार होणारं संप्रेरक. हाड मोडणाऱ्या पेशींचा हात ते धरून ठेवतं. पाळी कायमची गेल्यावर इस्ट्रोजेन उतरतं, म्हणून म्हाताऱ्या बायांची कंबर वाकते, साध्या पडण्यानं खुबा मोडतो.

आता ती सुई. तिचं औषध मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन अ‍ॅसिटेट, बाजारातलं नाव डेपो-प्रोव्हेरा, सरकारी कार्यक्रमातलं नाव अंतरा. १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी, स्नायूत. ती बीज बाहेर पडू देत नाही, म्हणून गर्भ राहत नाही. पण त्याच दणक्यात इस्ट्रोजेनही खाली येतं. पन्नाशीत जे आपोआप होतं त्याची थोडी झलक सतराव्या वर्षी. एकदा टोचली की ती बाहेर काढता येत नाही. गोळी नको वाटली तर आज बंद करता येते. सुईला तीन महिने थांबावंच लागतं.

म्हणजे संततिनियमन वाईट का? खबरदार. असं म्हणणारे आपले दोस्त नव्हेत.

१९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या माणसाची प्राध्यापकी त्यापायी गेली. १९३४ साली त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. सभ्य माणसं चार हात लांब राहिली. त्यांच्या बाजूनं कोर्टात वकील म्हणून उभे राहिले बाबासाहेब. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, पण बाबासाहेब उभे राहिले. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबईच्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षानं संततिनियमनाचा ठराव आणला. बाबासाहेबांच्या वतीनं पी. जे. रोहम यांनी तो मांडला. मूल कधी आणि किती हे बाईच्या मर्जीवर असलं पाहिजे, लागोपाठच्या बाळंतपणांनी तिचा जीव जातो, हा त्याचा गाभा. सभागृहानं ठराव फेटाळला. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या बायांना तोंडावर सांगितलं की लग्नाची घाई करू नका, आणि पोरांची रांग लावू नका.

दोन्ही वाक्यं एकत्र वाचा. पुढं काय झालं? दुसरं वाक्य सरकारनं उचललं, आणि पहिलं आपण सोडून दिलं. आणि सरकारनं उचललं तेही कसं? बाबासाहेबांच्या ठरावात बाईची मर्जी होती. सरकारच्या वहीत आकडा होता. १९५२ साली देशाचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला. १९७६ साली आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, एवढंच. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या. कुणाच्या झाल्या ते तुम्हाला सांगायला नको. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या झाल्या. नंतर पुरुषाचं नाव घ्यायला पुढारी घाबरले, आणि सगळा भार बाईच्या पोटावर आला.

सुईची गोष्टही ह्याच वाटेनं जाते. ती अमेरिकेच्या अपजॉन कंपनीची. तिची मोठी चाचणी अटलांटा शहरातल्या ग्रेडी हॉस्पिटलच्या दवाखान्यात झाली, १९६७ पासून अकरा वर्षं. हजारो बाया, बहुतेक गरीब, बहुतेक काळ्या. पँथरचं नाव आपण ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याच आयाबहिणी. १९७८ साली अमेरिकी सरकारनं गर्भनिरोधक म्हणून परवानगी नाकारली, ती मिळाली १९९२ ला. तोवर ही सुई गरीब देशांत फिरत होती. गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हा दक्षिण आफ्रिकेत आणि ऱ्होडेशियात ती काळ्या बायांना सरसकट टोचली जायची. ऱ्होडेशियाचं झिंबाब्वे झालं, आणि १९८१ मध्ये नव्या सरकारनं तिच्यावर बंदी घातली.

आपल्याकडं तिची बहीण आधी आली, नेट-एन नावाची सुई. १९८५ च्या सुमारास आंध्रातल्या पटनचेरूच्या आरोग्य केंद्रात तिच्या चाचणीसाठी बाया जमवल्या. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या बाया तिथं पोचल्या, तेव्हा आपण चाचणीत आहोत हेच जमलेल्यांना धड माहीत नव्हतं. १९८६ मध्ये स्त्री शक्ती, दिल्लीची सहेली आणि इतर सुप्रीम कोर्टात गेल्या. तो दावा २००० पर्यंत चालला. मधल्या काळात १९९३ ला डेपो-प्रोव्हेराला खासगी विक्रीची परवानगी मिळाली. बायांच्या संघटना पुन्हा कोर्टात. १९९५ मध्ये औषध तांत्रिक सल्लागार मंडळानं म्हटलं की सरकारी कुटुंबनियोजनात ही सुई नको. २००० मध्ये डॉ. सी. सत्यमाला यांनी या सुईवर झालेला अभ्यास एकत्र तपासून पुस्तक लिहिलं. बायांनी वीस-तीस वर्षं ही सुई दवाखान्याच्या दाराबाहेर रोखून धरली. २०१५ ला मंडळाचं मत बदललं, आणि २०१७ पासून ती 'अंतरा' या नावानं सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागली.

आता हाडाचा हिशोब. इथं मी आवाज खाली आणते, कारण भीती घालून चळवळ चालत नाही.

१९९१ मध्ये न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी छापलं की बरीच वर्षं ही सुई घेणाऱ्या बायांच्या मणक्याची घनता इतर बायांपेक्षा सात-साडेसात टक्क्यांनी कमी आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत कोवळ्या पोरींवरचा एक छोटा अभ्यास आला. एका वर्षात संप्रेरक न घेणाऱ्या पोरींच्या मणक्याची घनता २.९ टक्के वाढली, सुई घेणाऱ्यांची १.५ टक्के घटली. गोळी घेणाऱ्यांची वाढली, पण कमी. हा फरक नीट समजून घ्या. मोठ्या बाईचं साठवलेलं थोडं जातं. पोरीचं जातंही, आणि साठवायचा हंगामही बुडतो. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं सुईच्या वेष्टनावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला : हाडाची घनता कमी होते, जितकी वर्षं जास्त तितकी जास्त कमी, आणि दुसरा मार्ग चालत असेल तर दोन वर्षांहून अधिक घेऊ नये.

दुसरी बाजूही खरी आहे. सुई बंद केल्यावर हाड पुष्कळ भरून येतं. २००५ च्या एका अभ्यासात पोरींचं हाड सोडल्यानंतर चांगलं भरलेलं दिसलं. मणका लवकर भरतो, खुब्याला वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, अठराच्या आतल्या मुलीलाही सुई देता येते, कारण साधारणपणे धोक्यापेक्षा फायदा जास्त. या सुईनं कोवळ्या पोरींची हाडं पटापट मोडतात असं कुणी दाखवलेलं नाही. आणि सतराव्या वर्षी पाठोपाठ दुसरं बाळंतपण म्हणजे काय ते आपल्या वाड्यातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा. गर्भाला आणि दुधाला लागणारं कॅल्शियम आईच्या अंगातूनच जातं.

मग माझी तक्रार काय?

तक्रार अशी. हे सगळे इशारे आणि सल्ले 'अठराच्या आतली' या एका शब्दावर चालतात. आणि आपली पोरगी कागदावर कधीच अठराच्या आत नसते. आपण तिला एकोणीस केलेलं असतं. तिच्यासाठी डॉक्टरनं जो जादा विचार करायचा तो होतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायांना विचारलं, तर शंभरातल्या जवळजवळ बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. या बावीसजणी दवाखान्यात गेल्या तेव्हा कार्डावर कुठलं वय लिहिलं गेलं असेल? खोटा कागद सरकारच लिहितं असं नाही. आपणही लिहितो. पण हाडाला आधार कार्ड दाखवून फसवता येत नाही. त्याला खरं वय ठाऊक असतं.

शिवाय अभ्यासातल्या पोरी कोण, आपल्या पोरी कोण? आमच्याकडं घरोघर गाय आहे, पण दूध पहाटे डेअरीला जातं. घरात कोरा चहा. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात नाचणी पिकते. तिच्या शंभर ग्रॅममध्ये तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम, पण नाचणीची भाकर गरिबाची म्हणून पोरं नाक मुरडतात. सुकट-जवळ्यात कॅल्शियम भरपूर, तर त्याचा वास येतो म्हणून शाळेत हसतात. उन्हाचं म्हणाल, तर पुण्याच्या जहांगीर हॉस्पिटलच्या संशोधन संस्थेनं गरीब घरच्या किशोरींचं रक्त तपासलं आणि एवढ्या उन्हाच्या देशात ड जीवनसत्त्व कमी निघालं. म्हणजे तिची हाडकी आधीच अर्धी पडीक. त्यावर सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी मूल, अंगावर पाजणं, वर सुई. एकेक गोष्ट कदाचित भरून निघेल. चारी एकदम आल्या तर किती भरतं, हे आमच्या पोरींच्या हाडावर कुणी मोजलंय?

आणि हे फक्त आमच्या घरचं नाही. दिवाळीनंतर आमच्या दोन्ही तालुक्यांत ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या, नगरकडच्या. कोप्यांमध्ये जाऊन बसा. पाळीमुळं खाडा पडू नये म्हणून गोळ्या खाऊन पाळी पुढं ढकलणाऱ्या बाया भेटतील. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. पिशवीबरोबर बीजकोशही गेले असतील, तर त्या बाईची पन्नाशी तिशीतच आली. पाठीवर मोळी, डोक्यावर मोळी, आणि आत हाड झिजतंय. गोळी, सुई, सुरी. हत्यार वेगळं, पण प्रत्येक वेळी बाईला न सांगता, न विचारता.

म्हणून कार्यकर्त्यांनो, मोर्च्याआधी चार साधी कामं. वस्तीतली सोळा-सतराची पोरगी लग्नाला उभी राहत असेल तर पंगतीत बसू नका. मी बसले, तुम्ही बसू नका. लग्न होऊनच गेलं असेल, तर दवाखान्यात तिचं खरं वय सांगता येईल अशी व्यवस्था मागा. बापाच्या तुरुंगाच्या भीतीपायी पोरीचा उपचार चुकू नये. सुई घेण्याआधी तिला तिच्या भाषेत सांगायला लावा : हाडावर काय होतं, किती दिवस घ्यायची, तांबी आहे, निरोध आहे, त्यांचा हाडाला त्रास नाही. नर्सबाईशी भांडू नका. माझ्या नर्सबाईला मी नंतर विचारलं, तर ती म्हणाली, "ताई, आम्हाला टार्गेट सांगतात, हाडाचं कुठं सांगतात?" आणि पोरीच्या ताटात दूध नसेल तर नाचणी आणि सुकट तरी असू द्या, न लाजता.

भाचीनं चौथी सुई घेतली. मी वाचलेलं सगळं तिला सांगितलं, काळी चौकटसुद्धा. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "आत्या, सासू दुसऱ्यासाठी मागं लागलीय. गोळी घरात दिसती. निरोध नवऱ्याच्या हातात. सुई कुणाला दिसत न्हाई." मला बोलता आलं नाही. जी सुई माझ्या लेखात अटलांटापासून पटनचेरूपर्यंत बायांवर लादलेली, तीच त्या घरात तिच्या एकटीच्या मालकीची एकमेव वस्तू होती. पण या वेळी तिनं समजून घेतली. एवढा फरक पडला, आणि मी तो लहान मानत नाही. नंतर तिनं तांबी बसवून घेतली. दुसरं मूल अजून नाही. बारावीचा फॉर्म भरलाय.

तिचं हाड किती भरलं, किती राहिलं, कुणी मोजलेलं नाही. ते आम्हाला ती साठीची होईल तेव्हा कळेल. मी तेव्हा नसेन.

ते कार्ड मी जपून ठेवलंय. त्यावरच्या एकोणीसवर काट मारली, आणि शेजारी माझ्या हातानं लिहिलं : सतरा.